तळ्यावरचं अर्धं मिनिट

बिभीषणाइतका भित्रा माणूस आमच्या पाथर्डी तालुक्यात दुसरा नसेल. हे मी चिडवायला लिहीत नाही, तो स्वतःच सांगायचा. मांडवात लाइट गेली की सगळ्यात आधी याचा मोबाईल पेटायचा. रात्री दुकानातून घरी निघाला की वाटेत मला फोन लावायचा आणि घर येईपर्यंत काहीबाही बोलत राहायचा. 'भाऊ, उद्याच्या लग्नाला दोन बॅटऱ्या पुरत्याल ना?' मी म्हणायचो, पुरतील. मग पुन्हा तेच. एकदा कंटाळून मी विचारलं, 'कुठपर्यंत आलास?' तर म्हणाला, 'नाल्याच्या पुलावर. आता ठिवू नका, तेवढा पूल जाऊ द्या.'

माझा पाथर्डीत फोटो स्टुडिओ आहे, 'चैतन्य फोटो'. मी रामहरी. बिभीषण माझ्याकडे बारा वर्षं लग्नाचे फोटो काढायला होता. शेकडो जणांची लग्नं त्यानं कॅमेऱ्यात बांधून दिली आणि स्वतःचं मात्र राहून गेलं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई कडूबाई, दोघंच. लग्नात फोटोवाल्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचे अल्बम आहेत आणि रस्त्यात त्याला फारसं कोणी ओळखत नाही.

आणि हाच माणूस अमावास्येच्या आसपास दोन-तीन रात्री कॅमेरा आणि स्टँड घेऊन माळावर, डोंगरावर, धरणाच्या काठी एकटा जाऊन बसायचा. साध्या फोटोला कॅमेरा डोळ्याची पापणी लवते तेवढाच उघडतो. बिभीषण तो अर्धं अर्धं मिनिट उघडा ठेवायचा. आपल्याला जिथं स्वतःचा हात दिसत नाही, तिथं कॅमेरा मिळेल तेवढा उजेड गोळा करत राहतो. मग पडद्यावर माळ उमटतो, बाभळी उमटतात, दगड उमटतात आणि वर आभाळभर चांदण्या. ते फोटो मी दुकानात लावले होते. लोक विचारायचे, हे कुठलं? आपल्याच माळाचं आहे म्हटलं तर कोणाला पटायचं नाही.

इतका भितोस तर जातोस कशाला, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, 'भाऊ, मी फोटूसाठी जात न्हाई. अंधारात काय हाय ते बघाया जातो.'

मग त्यानं ते सांगितलं. तो सात वर्षांचा असताना आईबाप श्रीरामपूरकडे ऊसतोडीला होते. रात्री दोन-अडीचला टोळी उसात जायची. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपटात, हा आणि झोळीतली बहीण, दाराला पोतं लावलेलं. बाहेर खुंटाला कुत्रं बांधलेलं असायचं. एका रात्री कुत्रं एकदाच केकाटलं, साखळी ओढल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. पहाटेपर्यंत हा बहिणीच्या तोंडावर हात ठेवून बसला, ती रडू नये म्हणून. सकाळी खुंटाला साखळी तेवढी होती. 'बिबट्या दिसला असता तर इतका भ्यालो नसतो,' तो म्हणाला. 'काईच दिसलं न्हाई, ते वाईट.'

म्हणून त्याची एक रीत होती. कुठंही गेला तरी आधी आभाळाकडे बघायचा नाही. स्टँड उभा करायचा आणि चारी दिशांना एकेक फोटो काढायचा. प्रत्येकाला अर्धं मिनिट. तेवढा वेळ श्वास धरून उभा. मग एकेक फोटो मोठा करून कोपरान् कोपरा तपासायचा. चारही मोकळे निघाले की म्हणायचा, 'चला, कोन न्हाई,' आणि कामाला लागायचा. मी त्याला पंचनामा म्हणायचो. 'झाला का रे पंचनामा?' तो हसायचा, पण सोडायचा नाही.

मी त्याच्याबरोबर एकदाच गेलो, भंडारदऱ्याला. धरणाच्या काठी गार वारा सुटला होता आणि पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं. पंचनामा सुरू झाला. पहिले दोन फोटो मोकळे. तिसऱ्यात छातीएवढ्या उंचीवर एक तांबडी रेघ आली होती. वाकडीतिकडी, मधे मधे जास्त लाल. मागे झाडं स्वच्छ दिसत होती, माणूस नाही, काही नाही, नुसती रेघ हवेत. बिभीषणानं माझी बाही धरली. 'भाऊ, चला.' माझे पाय आधीच गाडीकडे वळले होते, ते मी त्याला कळू दिलं नाही. तेवढ्यात अंधारातून कोणीतरी खोकलं आणि म्हणालं, 'कुठलं गाव, पाव्हनं?' जाळं लावून परत निघालेला म्हातारा होता. तोंडात विडी.

गाडीत बसल्यावर त्यानं मला समजावलं. चालणारा माणूस एका जागी टिकत नाही, म्हणून या फोटोत उमटत नाही. विडीला स्वतःचा उजेड आहे, तिची रेघ उमटते. 'थांबलेलं मानूस येतं भाऊ, हालनारं येत न्हाई.' बऱ्याच वेळानं म्हणाला, 'म्हंजी चारी फोटू मोकळे आले तरी कुनी चालत असंल तर कळनार न्हाई.' तेव्हापासून त्याचा त्या फोटोंवरचा भरवसा गेला. तरी काढायचा तो, दर वेळी.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्याकडे ड्रोनची आवई उठली. रात्री आभाळात लाल-हिरवे दिवे फिरतात, वरून घरं हेरतात आणि दुसऱ्या रात्री चोर येतात, असं लोक सांगू लागले. कोण पाठवतं, कोणाच्या घरी चोरी झाली, धड कोणाला सांगता येत नव्हतं. पण व्हॉट्सअॅपवर रोज नवीन व्हिडिओ यायचा. काळं आभाळ, त्यात एक ठिपका आणि मागे बायामाणसांचा कालवा. बनुबाई नावाच्या आमच्या शेजारीण चार रात्री अंगावरचं सोनं पिठाच्या डब्यात घालून डबा उशाला घेऊन झोपत होत्या. दिवसा या सगळ्याचं हसू यायचं. अंधार पडला की कोणी हसत नव्हतं, मीसुद्धा नाही. गच्चीवर पाण्याची टाकी वाजली तरी मी उठून बसायचो.

दुकान पाथर्डीत असलं तरी मी राहतो जवळच्या गावात. त्या आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गाव वाईट नाही, आणि मला तिथंच राहायचंय.

गावात गस्त सुरू झाली. घरटी एक माणूस, हातात काठी आणि बॅटरी. पुढारपण छगनकडे. छगन माझा चुलतभाऊ. दोन ट्रॅक्टरचा मालक, मनानं मोकळा आणि डोक्यानं तापट. आदल्याच वर्षी त्याच्या पोरीचं, निकिताचं, लग्न झालं, त्याचे फोटो बिभीषणानं काढले होते. गस्तीचा एकच नियम ठरला. रात्री कोणाकडे बाहेरचा माणूस येणार असेल तर संध्याकाळी देवळापुढं सगळे जमतात तेव्हा सांगून ठेवायचं. न सांगता जो सापडेल, तो चोर.

आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी बिभीषणाचा फोन आला. आमच्या गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलाव आहे, तो त्या वर्षी पहिल्यांदा भरला होता. पाण्यात चांदण्या दिसतील, ये कधीतरी, असं मीच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, 'आज आभाळ मोकळं हाय भाऊ. येऊ का रातीला? पर तुमच्याकडं गस्त हाय म्हनत्यात.' आवाजात भीती होती. मी म्हणालो, 'ये बिनघोर. मी सांगून ठेवतो.'

ते 'सांगून ठेवतो' अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी मी देवळापुढं गेलो तेव्हा रोजच्यापेक्षा जास्त माणसं जमली होती. शेजारच्या गावात म्हणे रात्री दिवा दिसला. छगन पायरीवर उभा राहून बोलत होता. 'बाहेरच्याला आपली घरं कशी कळत्यात? कुनीतरी आतलाच माहिती देतोय.' मग मागून कल्याणनं, किराणा दुकानवाल्यानं, सहज विचारलं, 'रामहरीभाऊ, तुमच्या दुकानात बी एक ड्रोन हाय ना, लग्नाचा?'

त्यात खोटं काही नव्हतं. ड्रोन होताच. नवरा-नवरीचं वरून शूटिंग करायला घेतलेला, दुकानातल्या कपाटात पडलेला. पण शे-दीडशे डोळे एकदम माझ्याकडे वळले. मी म्हणालो, 'होता. विकला दोन महिन्यांपूर्वी.' छगन म्हणाला, 'बरं केलं.' लोकांच्या माना पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

त्यानंतर माझ्यानं सांगवेना की आज रात्री माझा माणूस कॅमेरा घेऊन तळ्यावर येतोय. घरी येऊन मी बिभीषणाला फोन लावला, येऊ नको म्हणून सांगायला. लागला नाही. तळ्याच्या खोलगटात रेंज नसते, म्हणजे तो पोचला होता. मी एकदाच लावला. मोटरसायकल काढून गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. पण रात्री तिकडं कशाला गेला होतास, असं कोणी विचारलं असतं तर? मी स्वतःची समजूत घातली. तळं लांब आहे, तो अंधारात बसतो, त्याला कोण बघणार?

साडेअकराला माझी गस्तीची पाळी सुरू झाली आणि पाऊण वाजता छगनचा फोन वाजला. तळ्याजवळच्या वस्तीवरून होता. तळ्याच्या कडेला लाल दिवा दिसतोय, मधेच हलतोय, मधेच विझतोय. बिभीषण डोक्याला लाल बत्ती बांधायचा. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, असं त्यानंच मला सांगितलं होतं.

दहा मिनिटांत चाळीसेक माणसं जमली. काठ्या, गज, एकाच्या हातात ट्रॅक्टरची साखळी. तळ्याच्या अलीकडे गाड्या लावून आम्ही बॅटऱ्या बंद करून चालत निघालो. चिखलात पायांचा पचपच आवाज आणि चाळीस माणसांचे श्वास. मी मागच्या बाजूला होतो. कोण आहे ते मला ठाऊक होतं. एवढ्या लोकांत ते मला एकट्याला ठाऊक होतं. छगनला हाक मारायची आणि एवढंच म्हणायचं, 'थांब, तो बिभीषण आहे.' प्रत्येक पावलाला मी ठरवत होतो, पुढच्या बाभळीपाशी सांगू. बाभूळ मागे पडत होती. मग वाटलं, तिथं गेल्यावर तोच माझं नाव सांगेल, मी हो म्हणेन आणि सगळे हसून परत फिरू.

बांधावर चढल्यावर छगननं आवाज दिला आणि एकदम सगळ्या बॅटऱ्या पेटल्या. बिभीषण बांधाच्या पायथ्याशी दगडावर बसला होता. तो उठायला गेला, घसरला, पुन्हा उठला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. आयुष्यभर तो ज्याला भ्याला, ते अंधारातून चालत त्याच्यापुढं येऊन उभं राहिलं होतं.

'कोन रे तू?'

'फोटू काढतोय. फोटूवाला हाय मी.'

'रातचे कसले फोटू?'

'आभाळाचे.'

हे ऐकल्यावर लोकांत कुजबुज झाली. आभाळाचे. छगन खाली उतरला. 'अंधारात फोटू निघतो व्हय? फ्लॅश कुठाय तुझा?'

'फ्लॅश लागत न्हाई साहेब.'

'कॅमेरा कुठाय?'

'तिकडं दगडात लावलाय.' त्यानं तळ्याच्या कडेला बोट दाखवलं. दोघांनी तिकडं बॅटरी फिरवली. काळे दगड, काळा कॅमेरा, काळा स्टँड. त्यांना काही दिसलं नाही. 'काय न्हाई तिथं,' एक जण ओरडला. 'खोटं बोलतोय. आभाळात काय सोडलंय ते इचारा.'

'गावात कोन वळखतं का तुला?' छगननं विचारलं. हा प्रश्न त्यानं विचारला, हे त्याच्या बाजूनं मला लिहिलंच पाहिजे.

बिभीषण मान उंच करून एकेक तोंड बघू लागला. डोळ्यांवर उजेड येत होता म्हणून त्यानं हात आडवा धरला. मी बांधावर उभा होतो. त्यानं मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरली. ती उतरताना मी स्वतः पाहिली. तो बघतोय तिकडं छगननं बॅटरी वळवली आणि उजेड सरळ माझ्या अंगावर आला. मागून कोणीतरी म्हणालं, 'कुणाकडं बघतोय रं त्यो?'

मी मान हलवली. नाही म्हणून.

छगनला वाटलं, मी त्याला ओळखत नाही म्हणतोय. बिभीषणाला कळलं, मी माझं नाव घेऊ नको म्हणतोय. त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, 'न्हाई. कुनी वळखत न्हाई.'

पहिली काठी कोणी मारली ते मला माहीत नाही. बॅटऱ्या इकडून तिकडं नाचत होत्या, लोक एकमेकांना ढकलत खाली उतरत होते. बिभीषणाचा आवाज आधी येत होता, मग यायचा थांबला. मी जिथं होतो तिथंच होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एका पोरानं त्याची पिशवी उचलून बॅटरी मारली आणि ओरडला, 'रामहरीभाऊ, हिच्यावर तुमच्या दुकानाचं नाव हाय.'

तेव्हा मी धावलो. 'थांबा, थांबा. हा बिभीषण आहे. माझा माणूस आहे.' लोक बाजूला झाले. छगन म्हणाला, 'मग मगाशी?' मी म्हणालो, 'लांबून ओळखू आला नाही. तोंडावर हात होता.' छगननं वाकून त्याच्या तोंडावर बॅटरी धरली, बराच वेळ बघितलं आणि खालीच बसला. 'निकिताच्या लग्नात हाच हुता,' तो म्हणाला. त्यानंच बाटलीतलं पाणी पाजलं. तोवर बांधावरच्या बॅटऱ्या एकेक करून विझत गेल्या आणि पाच मिनिटांत तिथं आम्ही तिघंच उरलो.

बिभीषण एकच शब्द बोलला, 'कॅमेरा.' मी दगडांत चाचपडत गेलो. स्टँड सापडला. कॅमेरा चालू होता. तो आपला आपण फोटो घेत राहील असा टायमर बिभीषणानं लावून ठेवला होता. खट् करून बंद व्हायचा आणि पुन्हा उघडायचा. इतका वेळ तो बांधाकडे तोंड करून हेच करत होता.

माझ्या ओम्नीत मागच्या सीटवर त्याला झोपवून मी नगरकडे निघालो. छगनला येऊ दिलं नाही. करंजी घाटात बिभीषणाला ओकारी आली म्हणून गाडी थांबवली. तोंड पुसून झाल्यावर तो डाव्या हातानं कॅमेरा चालू करून फोटो बघू लागला. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता, सुजलेला. सुरुवातीचे फोटो सुरेख होते. तळ्यात चांदण्या, बांधाची काळी कड. मग एक फोटो आला आणि त्याचं बोट थांबलं.

त्यात बांधावर पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. चाळीस माणसांपैकी एकही माणूस नव्हता. छगन नव्हता, काठ्या नव्हत्या, सगळे हलत होते. रेघांच्या मधोमध मात्र एक जण उभा होता. चौकटीचा शर्ट, त्याची बटणं, हातातली काठी, पायातल्या चपला, सगळं स्वच्छ आलेलं. मानेच्या वर तोंड नव्हतं. डावीकडून उजवीकडे फासल्यासारखा एक फिकट पट्टा होता.

बिभीषणानं तो पट्टा मोठा करून पाहिला. मग माझ्या शर्टाकडे पाहिलं. त्यानं कॅमेरा बंद केला.

'चला भाऊ,' तो म्हणाला. 'हात लई ठनकतोय.'

नगरच्या दवाखान्यात पहाटे त्याला प्लास्टर घातलं. मनगट आणि दोन बोटं मोडली होती, बरगडीला मार होता, डोक्याला सात टाके. सकाळी पोलीस जबाब घेऊन गेले. त्यानं सांगितलं, अंधार होता, कोण होतं ते दिसलं नाही. फोटोबिटो काही आहे का, असंही त्यांनी विचारलं. तो म्हणाला, 'हालत्या मानसाचा फोटू येत न्हाई साहेब.' मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. अंगात तोच चौकटीचा शर्ट होता.

नऊच्या सुमाराला कडूबाई एसटीनं आल्या. छगननं त्यांना निरोप दिला होता, आणि निरोपात जे त्याला खरं वाटत होतं तेच सांगितलं होतं. रामहरीनं ओळखलं म्हणून पोरगा वाचला, नाहीतर मेला असता. गावातही तोवर तेच झालं होतं. सगळ्यांना तेच सोयीचं होतं. कडूबाईंनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, पट्टी बघितली आणि मग सरळ माझ्याकडे आल्या. सत्तरीची बाई, उसाच्या मोळ्या वाहून कमरेत वाकलेली, ती आणखी वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. मला मागं सरकायला जागा नव्हती, मागे भिंत होती.

'तुमी हुता म्हनून माझं लेकरू हाय,' त्या म्हणाल्या. 'त्याला लहानपनापासनं लई भ्या वाटतं हो. एवढ्या गर्दीत तुमचं त्वांड दिसलं आसंल, तवा जीव भांड्यात पडला आसंल त्याचा.'

मी बिभीषणाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. आता तो बोलेल असं मला वाटलं. तो बोलला नाही. मी म्हणालो, 'हं.' कडूबाई डोळे पुसत चहा आणायला खाली गेल्या.

त्या गेल्यावर मी कॉटजवळ बसलो. 'बिभीषण, मी सांगतो त्यांना,' मी म्हणालो. 'सगळं सांगतो. मी भ्यालो रे.'

'मला ठाऊक हाय,' तो म्हणाला. 'भ्यालेलं मानूस मला लांबून कळतं.' त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, 'तिला नका सांगू. चाळीस जनांत आपला एक तरी हुता, एवढं तिला वाटू द्या.'

मी ते पाळलं. कडूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या, तेव्हा कुठं हे लिहायला बसलो. तोवरच्या दोन्ही दिवाळ्यांना त्यांच्या घरून माझ्याकडे फराळाचा डबा आला.

त्या दिवशी त्या दोन्ही हातांत तीन कप सांभाळत जिना चढून आल्या. पोराच्या आधी त्यांनी मला चहा दिला. बिभीषण बघत होता. मी तो प्यायलो.